सावली क्रमांक ६०३८

तेच ठिगळ तिसऱ्यांदा आलं, तेव्हा यशोधन बोंद्रेला राग आला. आलेला राग गिळून समोरच्याला दोन ओळींचं गोड उत्तर लिहायचं आणि वाटेला लावायचं, ही कला त्याने बारा वर्षांत चांगलीच कमावली होती.

ठिगळ म्हणजे पॅच. कोल्हापुरात राजारामपुरीत यशोधनच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातल्या पुढच्या खोलीतून ‘झिरप’ नावाच्या सॉफ्टवेअरचा कारभार चालायचा, आणि तिथे पॅचला पहिल्यापासून ठिगळच म्हणत. झिरप इन्सुलिनच्या पंपात बसायचं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ती माणसं काड्यापेटीएवढा पंप पोटावर चिकटवून हिंडतात. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, झिरप पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज बांधतं आणि त्या अंदाजाने इन्सुलिन थेंबाथेंबाने आत सोडतं. हे सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. त्याचा कोड जगाला खुला होता. कुणीही वाचावा, दोष सापडला तर दुरुस्तीच्या चार ओळी लिहून पाठवाव्यात. दर आठवड्याला अशी शंभर-सव्वाशे ठिगळं येत. ती गोळा करायची, एकेक तपासायची, पास झालेली मुख्य कोडाला जोडून नवी आवृत्ती सोडायची आणि खाली ‘तपासले: यशोधन बोंद्रे’ एवढी ओळ लिहायची, हे यशोधनचं काम. साडेतीन लाख माणसांचे पंप त्या ओळीच्या भरवशावर चालत होते.

हा भरवसा हवेतला नव्हता. पूर्वी असं ठिगळ तपासायचं म्हणजे मोठी पंचाईत असे, कारण जिवंत माणसावर लावून ‘बघू काय होतंय’ म्हणता येत नाही. मग सावल्या आल्या. एखाद्या माणसाची वर्षभराची साखर, जेवणं, झोप, ताप, चालणं, सगळ्या नोंदी घ्यायच्या आणि त्यांवरून त्याच्या शरीराचं गणित मांडायचं. ते गणित म्हणजे त्याची सावली. ती संगणकात जेवते, झोपते, आजारी पडते, आणि तिची साखर मालकासारखीच वरखाली होते. मालकाचे तीन महिने सावली चार मिनिटांत जगते. अकरा हजार दोनशे चौदा माणसांनी आपल्या सावल्या झिरपला दान केल्या होत्या. नावं काढून टाकलेली; प्रत्येक सावलीला फक्त एक क्रमांक, आणि आपला क्रमांक कोणता हे ज्याचं त्यालाच ठाऊक. नवं ठिगळ आलं की या सगळ्या सावल्यांनी ते लावून तीन महिने जगायचं. एखादीची साखर धोक्याच्या खाली गेली की पडद्यावर तिचा चौकोन लाल होई. आणि नियम एकच होता: एकही लाल असेल तर ती आवृत्ती बाहेर जाणार नाही.

या नियमामुळे झिरपचं नाव झालं. झिरप चुकत नाही, असं डॉक्टर बोलू लागले. आणि यंत्र चुकत नाही म्हटल्यावर चुकणारं घरात दुसरं कोण उरतं, हे सांगायला नकोच.

तिसऱ्यांदा आलेलं ठिगळ गडहिंग्लजच्या तबस्सुम मुजावर नावाच्या बाईंचं होतं. मोजून चौदा ओळी. जेवणानंतरचं इन्सुलिन एकदम देऊ नये. अर्धं द्यावं, आणि साखर खरोखर चढू लागली की मगच उरलेलं सोडावं, एवढंच ते सांगत होतं. कोडाच्या मधोमध बाईंनी मराठीत टीप लिहिली होती: ‘पोट हलल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नकोस.’ यशोधनने ते सगळ्या सावल्यांवर चालवलं होतं. एकही लाल नाही. पण ठिगळ लावलं काय आणि नाही लावलं काय, कुठल्याच सावलीला फरक पडत नव्हता. माणसाच्या पोटावर बसणाऱ्या यंत्रात विनाकारण चौदा ओळी वाढवणं म्हणजे विनाकारण चौदा धोके वाढवणं. पहिल्यांदा त्याने लिहिलं, ‘चाचणीत फरक दिसत नाही.’ दुसऱ्यांदा त्यात एक ओळ वाढवली, ‘आपण आहाराची नोंद काटेकोर ठेवता का, हे कृपया एकदा पाहावे.’ ही ओळ त्याला तेव्हा फार सौजन्याची वाटली होती.

या वेळी ठिगळामागोमाग फोनच आला.

“सर, मी तबस्सुम मुजावर, गडहिंग्लजहून. ते चौदा ओळींचं ठिगळ माझं.”

“हां, बोला मॅडम. बघितलंय मी. कोड नीटनेटका आहे तुमचा. कुठे शिकलात?”

“तुमच्याच वेबसाइटवरचे धडे बघून. दीड वर्ष लागलं. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे सर. म्हणजे होते.” बाई जरा थांबल्या. “सर, मी आज एक नियम मोडणाराय, रागावू नका. माझ्या सावलीचा नंबर सहा हजार अडतीस. तेवढी एकच बघून सांगता का, ती कधी पडते का ते?”

“मॅडम, एकही सावली पडली तर आम्ही आवृत्ती सोडतच नाही. खाली दर वेळी लिहिलेलं असतं...”

“‘सर्व ११,२१४ सावल्यांवर तपासले.’ वाचते की मी. दर वेळी वाचते. तेच तर कोडं आहे. माझी सावली एवढी गुणी, आणि मी आठवड्यातनं दोनदा पडते. प्रयोगशाळेत पडले, तेव्हा हातात आम्लाची बाटली होती. डावा हात भाजला. हेडमास्तर म्हणाले, जी स्वतःला सांभाळत नाही ती पोरांना काय सांभाळणार. आता ऑफिसात पत्रांवर शिक्के मारते. डॉक्टर म्हणतात, तुम्ही जेवण नोंदवता आणि जेवत नाही, मग मागनं चोरून गोड खाता. घरी पण तेच म्हणतात. आता तर मलाच वाटायला लागलंय सर, मी असं काय करते जे माझी सावली करत नाही?”

त्या बोलत होत्या तोवर यशोधनने क्रमांक टाकला होता. पडद्यावर हिरव्या चौकोनांच्या गर्दीत एक करडा चौकोन उघडला. त्यावर लिहिलं होतं: ‘वगळली. तात्पुरती. कारण: लहरी. य. बों.’ तारीख सतरा महिन्यांपूर्वीची, पंधरा मे.

“सर?”

“सर्व्हर जरा बंद आहे,” तो म्हणाला. “बघून कळवतो तुम्हाला.”

सर्व्हर व्यवस्थित चालू होता.

लहरी हाही त्यांच्या धंद्यातला शब्द. तोच कोड, तीच चाचणी, तरी एकदा पास होते आणि एकदा नापास, अशी चाचणी म्हणजे लहरी. बहुतेक वेळा दोष चाचणीतच असतो, तेव्हा कामाची खोटी नको म्हणून ती तात्पुरती बाजूला ठेवायची, असा सगळीकडचाच रिवाज आहे. जो यंत्राच्या चाचणीला चालतो तो माणसाच्या सावलीला चालेल का, हा प्रश्न त्या दिवशी यशोधनला पडला नव्हता. पडला असता तरी त्याने तो बाजूला सारला असता, कारण त्या दिवशी त्याला घाई होती.

घाई त्याच्या लेकीची होती. ओवी सात वर्षांची असताना तिला हा आजार जडला, आणि तिच्यासाठीच यशोधन बँकेतली नोकरी सोडून झिरपच्या कामात पडला. सतरा महिन्यांपूर्वी ती अठरा वर्षांची होऊन मैत्रिणींबरोबर हिमाचलात ट्रेकला निघाली होती. थंडीत सेन्सरचा संपर्क तुटला की पंप आंधळा व्हायचा, त्यावर नॉर्वेतल्या कुणीतरी नेमकं ठिगळ पाठवलं होतं. ओवीची गाडी सोळा तारखेला. पंधराला सगळ्या सावल्या हिरव्या आणि पंधरवड्यापूर्वीच आलेली ६०३८ तेवढी लाल. पुन्हा चालवलं, तर हिरवी. पुन्हा, तर लाल. दोन तास डोकं खाजवून त्याने तिच्यापुढे ‘लहरी’ लिहिलं आणि मनाशी म्हटलं, पोरगी परत आली की निवांत बघू. पोरगी नाकाची सालं काढून सुखरूप परत आली, निवांतपणा काही आला नाही.

पुढचं सगळं आपोआप होत गेलं. आवृत्ती सोडताना प्रोग्राम एवढंच विचारायचा, की लाल कुणी आहे का? करडा चौकोन लाल नसतो. मग प्रोग्राम इमानेइतबारे छापायचा, ‘सर्व ११,२१४ सावल्यांवर तपासले’, आणि खाली यशोधनचं नाव. अशा तेवीस आवृत्त्या गेल्या. तबस्सुमच्या ठिगळाने कुणालाच फरक पडत नव्हता याचंही कारण आता उघड होतं. ज्या एका सावलीला फरक पडायचा, ती परीक्षेला बसवलेलीच नव्हती.

त्याने ६०३८ एकटीच चालवली. वीस वेळा चालवली, अकरा वेळा लाल झाली. मग त्याने सावलीच्या पोटात डोकावून पाहिलं, जे त्याने तेव्हाच करायला हवं होतं. बाईंच्या जठराच्या नसा काही दिवशी ढिल्या पडत होत्या. त्या दिवशी खाल्लेलं अन्न तीन-तीन तास पोटातच बसून राहायचं. इन्सुलिन वेळेवर हजर आणि अन्नाचा पत्ता नाही, म्हणून साखर खाली कोसळायची. उशिरा अन्न उतरायचं तेव्हा इन्सुलिन संपलेलं, म्हणून ती आकाशाला भिडायची. कधी असं व्हायचं, कधी नाही. सावली दीड वर्षापूर्वीच्या नोंदींवर बेतलेली होती, आणि तेव्हा असे दिवस क्वचितच यायचे, म्हणून ती कधी लाल, कधी हिरवी. लहर चाचणीची नव्हती, त्या पोटाची होती, आणि सावली ती जशीच्या तशी दाखवत होती. चौदा ओळी लावून त्याने पुन्हा वीस वेळा चालवलं. एकदाही लाल नाही.

यशोधनला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस पहिलं काय करतो तर आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, हे बघतो. त्यानेही तेच केलं. खोलीत कुणी नव्हतं. वगळलेल्या सावल्यांची यादी तशी जगाला खुली होती, पण खुली आहे म्हणून कोण वाचतंय? यादी उघडल्यावर त्याला आणखी एक गोष्ट दिसली. ६०३८च्या खाली आणखी अठरा क्रमांक होते. केरळातल्या आणि फिनलंडमधल्या त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी वेळोवेळी टाकलेले. बहुतेकांपुढे कारण होतं: ‘६०३८प्रमाणेच.’ वाट त्याने पाडून दिली होती, बाकीचे फक्त तीवरून चालले होते.

त्याने यादीतून एकच ओळ पुसली, पहिली. बदलाचं कारण लिहिलं, ‘किरकोळ साफसफाई.’ उरलेल्या अठरा ओळी त्याने वाचल्या नाहीत असं त्याने स्वतःला सांगितलं. मग तबस्सुमचं ठिगळ जोडून घेतलं आणि तिला पत्र लिहिलं: ‘पुन्हा तपासणी केली असता आपल्या ठिगळाची उपयुक्तता लक्षात आली. अभिनंदन.’ या वाक्यात कोण चुकलं, कधी चुकलं, यातलं काहीही सापडत नाही. असं वाक्य एका दमात सुचायला सरावच लागतो.

ठिगळाचा बोलबाला झाला. जगभरातून चारशे माणसांनी कळवलं, की आमचंही पोट असंच रेंगाळतं, आम्हाला बरं वाटतंय. वर्तमानपत्रात तबस्सुमचा फोटो आला, डाव्या हातावर ओढणी घेतलेला. यशोधनने तो पाहिला आणि पान उलटलं. जेवताना ओवी म्हणाली, “बाबा, या बाईंना भेटायचंय मला,” तेव्हा तो म्हणाला, “हो, बघू ना.” महिनाभर तो कमी जेवला. कुणी विचारलं तर पित्त झालंय म्हणायचा.

मग एका रविवारी सकाळी अकराला त्याच बाई आपल्या यजमानांना घेऊन खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

“पाच आठवडे झाले सर, एकदा पण पडले नाही,” त्या दारातूनच म्हणाल्या. यजमानांनी, इर्शाद मुजावरांनी, संकेश्वरी मिरचीची पिशवी टेबलावर ठेवली. ते गडहिंग्लजच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, आणि खुर्चीत अगदी कडेला बसलेले. ओवीने चहा केला. तिने आपला पंप बाईंना दाखवला, बाईंनी आपला दाखवला, आणि दोघी जुन्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलू लागल्या.

चहा अर्धा झाल्यावर इर्शादनी कप खाली ठेवला.

“सर, मला एक बोलायचंय. हिच्यासमोरच बोलतो, म्हणून आलोय.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “आमी डेपोत ब्रेक तपासल्याबिगर गाडी सोडत न्हाई. तसंच तुमचं असणार, हे मला पटलेलं. अकरा हजार जणांवर तपासलेलं यंत्र खोटं कसं बोलंल? मग उरली ही. मी डब्यातली बिस्किटं मोजायचो सर. कामावर जाताना मोजायचो आणि आल्यावर मोजायचो. ती ताटावर बसली की समोर बसायचो, घास गिळतीया का बघायला. एकदा तिच्या भावासमोर म्हणालो, ही नाटकं करतीया. ती काय बोलली न्हाई. उठून आत गेली.” त्यांनी बायकोकडे पाहिलं. “मला लई शरम वाटतीया सर. हिची माफी घरी मागितली, पण तुमच्यासमोर मागायची होती. तुमच्या यंत्रात खोट न्हवती, तिच्यात बी न्हवती. माझ्या नजरेतच खोट होती.”

“जाऊ दे ओ,” तबस्सुम म्हणाल्या. “तुम्हाला काय ठाऊक?”

“आमच्या बाबांचं तेच आहे, काका,” ओवी मध्येच कौतुकाने म्हणाली. “एक लाल सुटू देत नाहीत. मी सगळ्यांना सांगते.”

यशोधनने मान वर केली नाही. एक सरळ माणूस त्याच्या घरात बसून त्याच्या पापाची माफी मागत होता, आणि ती माफी अगदी चुकीच्या पत्त्यावर निघाली होती. गप्प बसणं अजूनही सोपं होतं. ‘होतं असं कधी कधी’ एवढं म्हटलं असतं तरी मंडळी चहा संपवून आनंदाने गेली असती. पण या माणसाच्या डोक्यावरचं ओझं आपलं आहे, आणि आपण गप्प बसलो तर तो ते जन्मभर वाहणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि ते सहन करण्यापेक्षा बोलणं परवडलं.

“इर्शादभाई, माफी तुम्ही मागू नका,” तो म्हणाला. “यंत्र अकरा हजारांवर तपासलेलं नव्हतं. एक सावली मी वगळली होती. यांची.”

मग त्याने सगळं सांगितलं. पंधरा मे, लाल-हिरवं-लाल, ‘लहरी’, तेवीस आवृत्त्या. फोनवर सर्व्हर बंद असल्याचं खोटं सांगितलं तेही. पुसलेली ओळ आणि ‘किरकोळ साफसफाई’ हेही. सांगताना तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

तबस्सुमनी हातातला कप टेबलावर ठेवला.

“म्हणजे ती पडत होती?” तबस्सुमनी विचारलं.

“हो.”

“पहिल्यापासनं?”

“तुम्ही सावली दिलीत, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून.”

“आणि मी तिच्यापुढं मान खाली घालून बसत होते,” त्या हळू म्हणाल्या. “रोज तुमचं ते वाक्य वाचायचे आणि म्हणायचे, बघ, ती कशी नीट राहते. तुलाच जमत न्हाई.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते पुसलं नाही. “सर, अशा आणखी किती आहेत?”

“अठरा.”

“त्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग मला सॉरी म्हणू नका.” त्यांचा आवाज आता शिक्षकांसारखा झाला होता. “ते अठराजण पण कुठंतरी शिव्या खात असतील. जिथं ‘तपासले’ लिहिलंत, तिथंच आता खरं लिहा. आणि आमच्या हेडमास्तरांना एक पत्र द्या. माझी प्रयोगशाळा गेली, ती तुमच्या सहीनं गेली. तुमच्याच सहीनं परत येऊ दे.”

इर्शाद जाताना एक अक्षर बोलले नाहीत. ते ओरडले असते तर यशोधनला बरं वाटलं असतं.

दार लागल्यावर ओवी कप उचलू लागली. दोन कप उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

“बाबा, मी सोळा मेला गेले होते.”

“हो.”

“म्हणजे माझ्यासाठी?”

“तुझा सेन्सर थंडीत तुटला असता तर...”

“मला विचारायचं होतंस.”

“तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारलं नाहीस,” ओवी म्हणाली. ती रडत नव्हती, आणि तेच त्याला जड जात होतं. “मी त्या डोंगरावर फोटो काढावेत म्हणून त्या बाई शाळेत फरशीवर पडल्या. आणि मी त्यांच्यासमोर तुझं कौतुक केलं. त्यांना काय वाटलं असेल माझ्याबद्दल?”

“तुझा काय दोष?”

“इर्शादकाकांचा तरी काय होता?”

ती आतल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने दारात येऊन उभी राहिली. “ते लिहिशील ना, ते आधी मी वाचणार. ‘उपयुक्तता लक्षात आली’ असलं काही लिहायचं नाही.”

त्याने चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा ओवीने परत केलं. पहिल्यात ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ होतं. दुसऱ्यात ‘वगळण्यात आली’ होतं. “कुणी वगळली? आपोआप वगळली गेली का?” ती म्हणाली. बारा वर्षं लोकांची ठिगळं परत पाठवणाऱ्या माणसाला आपलं लिखाण परत येणं म्हणजे काय, ते त्या दुपारी कळलं. पाचव्या वेळी जे उरलं ते एवढंच होतं: ‘गेल्या दीड वर्षातल्या सर्व आवृत्त्यांखाली मी सर्व सावल्यांवर तपासले असे लिहिले. ते खोटे आहे. पुढील एकोणीस सावल्या तपासलेल्या नाहीत. पहिली मी माझ्या सोयीसाठी वगळली, आणि लक्षात आल्यावर लपवले. ज्यांचे हे क्रमांक असतील त्यांनी मला फोन करावा. कदाचित तुमचे काहीच चुकत नसेल.’ खाली नाव आणि फोन नंबर.

मसुदा दोघा सहकाऱ्यांना पाठवला, तसा केरळातल्याचा ताबडतोब फोन आला. हे छापलंस तर साडेतीन लाख माणसं घाबरतील, कुणीतरी घाबरून पंप काढून ठेवेल, त्याचं काही झालं तर? म्हणणं खोटं नव्हतं. यशोधनने त्याला विचारलं, “यादीतल्या शेवटच्या सात तू टाकल्यास. त्यातल्या एकीच्या तरी पोटात डोकावून पाहिलंस?” “नाही,” तो म्हणाला. मग दोघांनी मिळून नोटिशीच्या खाली एक ओळ वाढवली, की कुणीही पंप काढू नये, आणि तिघांनी मिळून आठ दिवसांत उरलेल्या अठरा सावल्या एकेक करून तपासल्या. सहा ठिकाणी खरंच चाचणी बिघडलेली होती. बारा ठिकाणी चाचणी बरोबर होती. त्या बारा माणसांची शरीरंच वेगळी वागत होती, आणि ती माणसं कोण, कुठली, हे शोधायला काही मार्ग नव्हता. नावं त्यांनीच पुसून घेतली होती. वाट बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. कुणी त्याला प्रामाणिक म्हटलं, तेव्हा त्याला जास्त लाज वाटली. ‘तपासले’च्या ओळीत आपलं नाव यापुढे एकट्याचं असणार नाही, असं त्याने ठरवलं आणि दुसरी सही तबस्सुम मुजावरांकडे मागितली. “विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या. त्यांनी अजून सांगितलेलं नाही. हेडमास्तरांना पत्र गेलं. तबस्सुम पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेत परत गेल्या, तेवढं इर्शादनी फोन करून कळवलं. एका वाक्यात कळवलं आणि फोन ठेवला.

ओवी त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं.

नोटीस लागून बारा दिवस झाले तेव्हा सकाळी दहाच्या सुमाराला एक अनोळखी नंबर वाजला.

“ते झिरपवाले साहेब का?” आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. “म्या जिंतूरहून बोलतो. दोन हजार नऊशे एक. ह्यो नंबर माझा हाय.”

यशोधन उठून उभा राहिला. हा बारांपैकी एक होता. “हो काका, बोला. आधी मला सांगा, तुम्ही बरे आहात ना?”

“बरा हाय. पर मला एक इचारायचंय. तुमी तितं लिहिलंय, की तुमचं काही चुकत नसंल. ते माझ्याबद्दल हाय का?”

“हो. तुमच्याबद्दल आहे. तुमची साखर पहाटे अचानक उतरते. तुम्ही काहीही केलं नाहीत तरी उतरते. आम्ही ते पाहिलंच नव्हतं.”

“मी तेच म्हणायचो,” म्हातारा म्हणाला. “मी काहीच करीत न्हाई, म्हणायचो.” मग फोन थोडा बाजूला गेल्यासारखा झाला. “साहेब, हेच येकदा माझ्या लेकाला सांगता का? मी सांगून त्याला खरं वाटायचं न्हाई. हितंच बसलाय. त्याला देतो.”

फोन या हातातून त्या हातात गेला.

“हॅलो, कोण बोलतंय?” आवाजात आधीच वैताग होता.

“मी यशोधन बोंद्रे,” तो म्हणाला. “तुमचे वडील खरं बोलत होते. खोटं मी लिहिलं होतं.”

पलीकडून कुठल्याशा नळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. यशोधनला वाटलं फोन बंद झाला, पण तो कानाला लावून उभा राहिला.

“वर्ष झालं,” शेवटी मुलगा म्हणाला. “वर्ष झालं, मी त्यांच्याशी धड बोललो नाही हो.”